सरांची शपथ आणि सायकलचा पट्टा

खामगावातल्या आमच्या सकाळच्या सायकल ग्रुपला कोणी विचारत नाही की वजन किती उतरलं. टपरीवाला चहा देतानाच विचारतो, "आज काय झालं?" आणि काहीतरी झालेलंच असतं. कारण आमच्याकडे रस्त्याच्या कडेला सायकलींसाठी वेगळा पट्टा आहे!

ग्रुपात पक्के तिघं. वानखडे सर, गणिताचे रिटायर्ड मास्तर. पाटील वकील. आणि बँकेतला मी.

*

पट्टा नव्हता तेव्हाची गोष्ट. उभ्या कारचं दार एकाने न बघता उघडलं आणि सर त्यावर आदळले. खांद्याचं हाड मोडलं. कारवाला धावत खाली उतरला आणि त्याने आधी दार तपासलं!

विमलकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, सायकल बंद केली. सर रोज सकाळी गॅलरीत बसायचे, घंटी वाजली की मान वळवायचे. खरं सांगतो, बघवत नव्हतं. मग पट्टा झाला आणि विमलकाकू थोड्या नरमल्या.

"पट्ट्यावरून चालवान तरच. चाक रस्त्यावर गेलं, का सायकल भंगारवाल्याले देऊन टाकीन. घ्या माही शपथ!"

सरांनी घेतली.

*

पट्टा मोठा देखणा. हिरवा, गुळगुळीत आणि एक कार आरामात मावेल इतका रुंद. मावलीही! उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या पट्ट्यावरच लागल्या. त्यांतल्या मुख्य साहेबांनी हिरवी झेंडी हलवली. सर जागचे हलेनात.

"निघा ना सर!"

"तुमची गाडी निघू द्या साहेब, मंग निघतो."

*

मग गाड्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी सिमेंटचे खांब उभे केले. इतके जवळजवळ, की सायकलचं हँडल अडकायचं. आम्ही तक्रार केली. तत्परता बघा, आठवड्यात खांब काढले. सगळे!

*

उन्हाळ्यात पट्ट्यावर साड्या अंथरल्या गेल्या आणि त्यांवर कुरडया. सर सायकल धरून उभे.

समोरच्या घरातली बाई म्हणाली, "मास्तर, रस्ता मोकळा आहे ना, तिकून जा."

"बायकोची शपथ आहे बाई. पट्टा सोडता येत नाही."

बाईने क्षणभर विचार केला आणि हातात काठी दिली. "मंग बसा इथंच, चिमण्या हाकला. स्वयंपाक उरकून आलीच मी!"

सरांनी हाकलल्या. मेहनताना म्हणून कुरडयांचा वाटीभर गरम चीक मिळाला.

*

पाटील वकिलांना पट्ट्याचाच राग. "वेगळं काढलं म्हणजे हाकलून देलं! रस्ता काय कारवाल्याच्या बापाचा आहे काय बे? हात दाखवाचा आन् वळाचं. कोणाची हिंमत नाही!"

एकदा नांदुरा रोडवर त्यांनी उजवीकडे वळायला ऐटीत हात लांब केला. मागचा पिकअप कचकन थांबला. आम्हाला वाटलं, जिंकले वकील! ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

"पंक्चर झाली काय साहेब? टाका मांगं, सोडून देतो!"

त्याने उतरून सायकल चढवलीसुद्धा. सायकलीमागोमाग वकीलही चढले. वळायचं होतं पेट्रोल पंपाशी, उतरले नांदुऱ्याला.

*

आता परवाचं. विमलकाकू हल्ली सकाळी योगाला जातात, असं सर सांगत होते. सर खुशीत पट्ट्यावर पुढे, मी मागे. वकील अर्थातच रस्त्यावर.

समोरून ड्रायव्हिंग स्कूलची पांढरी कार आली. पट्ट्यावरूनच, हॉर्न दाबून धरलेला. थांबायचं नाव नाही! सर ओरडले, मी ओरडलो. शेवटी सरांनी हँडल वळवलं आणि सायकलसकट धाडकन रस्त्यावर उतरले. पाठीमागून येणारा ट्रक त्यांना चाटून गेला.

कार गचके देत थांबली. काच खाली झाली. स्टेअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून विमलकाकू बसल्या होत्या. शेजारी शिकवणारा घामाघूम.

काकूंनी आधी सरांकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या चाकाकडे.

"मोडली ना शपथ!"

"अवं पण, तू पट्ट्यावर काऊन आली?"

"मंग काय रस्त्यावर शिकू? तिथं गाड्या किती असतात, मले भेव वाटते!"