कधीपासून दुखतंय?

आमच्या डोंगरात डॉक्टरला दुखणं वाढवून सांगायची रीत आहे. तळेघरच्या वरच्या वाड्यांमधून माणूस दोन तास चालून सरकारी दवाखान्यात पोचतो. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात, आले तर. "कालपासून दुखतंय" म्हटलं की पांढऱ्या गोळ्यांची पुडी आणि "आठ दिवसांनी बघू". "लई वर्सं झाली, सायेब" म्हटलं की निदान छातीला नळी तरी लागते. हे शहाणपण सगळ्या डोंगराने अनुभवातून कमावलंय. माझ्या आईची सगळी दुखणी माझ्या जन्मापासून सुरू झालेली होती. तिच्या गुडघ्यांचा आळही माझ्यावरच होता.

मी शिक्षकाची नोकरी संपवून पेठला राहतो, हायवेच्या कडेला. थोरला भाऊ वर डोंगरातच राहिला, भात आणि नाचणी करत. तो मला मास्तर म्हणतो. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला साठी उलटली तरी कळलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाने आरोग्य विमा काढला. शाळेच्या पटांगणात मांडव घालून समारंभ झाला. विमा काढणाऱ्या प्रत्येकाच्या हातात चार फुटी पुठ्ठ्याचं कार्ड देऊन फोटो काढले आणि पुठ्ठा पुढच्याला दिला. शाल आणि श्रीफळ मात्र विमा विकणाऱ्या साहेबांना. साहेब म्हणाले, "आजपासून तुमची काळजी ती आमची काळजी." टाळ्या झाल्या. पटांगणाला लागूनच सरकारी उपकेंद्राची इमारत आहे. तिच्या उद्घाटनाच्या संगमरवरी पाटीवर जितकी नावं आहेत, तितकी माणसं तिथे कधी नोकरीला नव्हती. त्या दिवशी तिथे कुलूप होतं आणि कुलपाला टेकवून समारंभाचे कर्णे ठेवले होते.

गेल्या वर्षी आवणीत, भाताची रोपं लावता लावता, दादाच्या छातीत कळ आली. पहिल्यांदा आली. हे मी शपथेवर सांगेन, कारण त्याच वर्षी चैत्रात तो तांदळाचं पोतं खांद्यावर घेऊन माझा जिना चढला होता आणि वर येऊन मलाच म्हणाला होता, "मास्तर, तू का धापा टाकतोस?"

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिने छातीचा आलेख काढला, भुवया आक्रसल्या आणि चिठ्ठी लिहून दिली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "हृदयाची रक्तवाहिनी बंद होत आलीय असं वाटतंय. इथे यंत्र नाही. आजच मोठ्या ठिकाणी न्या. रांगेत वेळ घालवू नका." इथवर कुणाचं काही चुकलं नाही, हे लिहून ठेवतो. पुढे तशी संधी फारशी मिळत नाही.

विमा होता, म्हणून हायवेवरच्या खासगी रुग्णालयात गेलो. काउंटरमागे काचेच्या पेटीत मासे पोहत होते. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "काका, कधीपासून त्रास आहे?"

दादा रीतीला धरून म्हणाला, "लई वर्सं झाली, ताई. धा-बारा तरी व्हत आसतील."

आणि शेजारी उभं राहून मी मान डोलावली. उत्तर नेमकं लिहा, नेमकं लिहा, असं पस्तीस वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडलेला मी.

दोन तासांनी विमा कंपनीचा नकार आला. आजार जुना आहे आणि पॉलिसी घेताना तो लपवला. मी काउंटरवर हात आपटला. "अहो, तो तसं बोलतो! आमच्याकडे सगळेच तसं बोलतात. परवापर्यंत हा माणूस डोंगर चढत होता."

"सर, पेशंटनेच सांगितलंय. सिस्टीममध्ये आहे."

"मग सिस्टीममधून काढा."

"ते आमच्या हातात नाही, सर."

कंपनीला फोन लावला. माझा फोन त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे, असं एक बाई मला सांगत राहिली आणि मधूनमधून बासरी वाजत राहिली. डिपॉझिट भरा नाहीतर पेशंट हलवा, असं इकडून सांगण्यात आलं. ते डिपॉझिट माझ्या पेन्शनच्या आवाक्यातलं नव्हतं. डॉक्टरणीची चिठ्ठी परत मागितली, तर मूळ कागद फाईलला लागले होते. झेरॉक्स सोमवारी मिळणार होती. तो शुक्रवार होता.

पुण्याच्या वाटेवर गाडीत दादा म्हणाला, "म्हंजी, लई वर्सं म्हनलो त्येच चुकलं व्हय?"

"हो."

"बरं."

त्या "बरं"ने मी सावध व्हायला हवं होतं.

पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात मी केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो आणि दादाला आत बाकावर बसवलं. कागद घेऊन आलो तोवर तपासणी उरकली होती. डॉक्टर माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. सकाळपासून उभा असावा, आणि त्याच्यासमोरची रांग दाराबाहेर गेलेली. त्याने विचारलं होतं, कधीपासून? दादाने सांगितलं होतं, "आज सकाळपास्नंच. आदी कदीच न्हाई." आता दुखतंय? "न्हाई, आता बेस हाय." नव्या आलेखात विशेष काही नव्हतं. पित्ताच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि सोमवारी ओपीडीत यायला सांगितलं होतं.

मी भांडलो. आवाज चढवला, चिठ्ठीतला मजकूर तोंडपाठ म्हणून दाखवला. तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "काका, पेशंट स्वतःच सांगतायत ना." आणि पुढच्या माणसाचा कागद घेतला.

एकाच दिवसात दोन दवाखान्यांनी माझ्या भावाच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला होता. एरवी कुठल्याही कचेरीत त्याच्या शब्दाला दाखला जोडावा लागतो.

पायऱ्या उतरताना दादा म्हणाला, "आता तरी बरोबर बोललो का न्हाई?"

मी हो म्हणालो.

रविवारी दुपारी माझ्या ओट्यावर चहा पिताना त्याच्या हातातून कपबशी गळली. एकशे आठची गाडी आली, त्याच सरकारी रुग्णालयात नेलं. या वेळी सगळं झटपट झालं. बंद झालेली वाहिनी त्यांनी तासाभरात उघडली. कुणी कार्ड मागितलं नाही, डिपॉझिट मागितलं नाही. दादाला बोलता येत नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी काही विचारलंही नाही. तो वाचला तो त्यामुळेच, असं मला आजही वाटतं. मोठे डॉक्टर म्हणाले, "हृदयाचा काही भाग गेलाय, तो परत येणार नाही. दोन दिवस आधी आणायला हवं होतं."

दोन दिवस आधी आम्ही तिथेच होतो.

सगळ्यांची बिलं सरकारने एकाच तिजोरीतून भरावीत की ज्याने त्याने आपापला विमा विकत घ्यावा, यावर मी दोन्ही बाजूंचं भरपूर वाचलंय. दुसऱ्या देशांतली उदाहरणंही वाचली. पहिली बाजू सोडून दुसरीकडे जावं इतका मी मूर्ख नाही. ज्या तिजोरीने शेवटी माझा भाऊ जगवला, ती माझ्याही खिशातून भरलेली आहे आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्याच तिजोरीने आमच्या डोंगरात डॉक्टर ठेवला नाही, म्हणून आम्ही दुखणं फुगवून सांगायला शिकलो. आणि विमा कंपनीने तेवढं एक वाक्य उचलून आपली काळजी काढून घेतली. चर्चा करणाऱ्यांना दोन पर्याय दिसतात. आमच्या वाट्याला दोन्ही आले, तेही नको त्या क्रमाने.

यंदाची आवणी दुसऱ्यांनी केली. दादा बांधावर बसून होता, घोंगडी पांघरून. उपकेंद्राची नर्सबाई फॉर्म भरत बांधाबांधाने फिरत आली. मी शेजारीच होतो.

"बाबा, छातीचा त्रास कधीपासून?"

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग तिच्या हातातल्या कागदाकडे.

"आदी सांग, बाई. ह्यो कागुद जानार कुनाकडं?"

खाचरात वाकलेल्या बाया खदखदून हसल्या. नर्सबाईही हसली. दादा हसला नाही. तो उत्तराची वाट बघत होता.