बहिःस्थ रंभाबाई

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या शाळेत रंभाबाई शिपाई होत्या. घंटा, माठ, झाडू, सगळं त्यांच्याकडे. मूळच्या जेऊरच्या, लग्नाआधी सातवीपर्यंत शिकलेल्या. चौऱ्याहत्तर साली शाळेच्या वाचनालयात मदतनिसाची जागा निघाली. अट मॅट्रिक पासची. रंभाबाई चाळिशीच्या आणि दोनदा गणितात गटांगळ्या खाल्लेल्या. जागा जूनपर्यंतच थांबणार होती.

मी तिथं मराठी शिकवायचे. शाळा सुटल्यावर त्यांचा अभ्यासही घ्यायचे. तिसऱ्यांदा हॉलतिकीट आलं तेव्हा त्यांनी दर खेपेला दिसणाऱ्या एका शब्दावर बोट ठेवलं.

"प्रभाबाई, बहिःस्थ म्हंजी?"

"शाळेत नाव नसताना बाहेरून परीक्षेला बसणारा."

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "सतरा वर्सं रोज मीच शाळा उगडती की. तरी भाईर?"

अर्थ मी बरोबरच सांगितला होता, पण मला लाज वाटली. मग रागही आला. कुणावर, ते मात्र कळेना.

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं. रंभाबाईंनी रजा टाकली होती, तरी गणिताच्या दिवशी सकाळी येऊन त्यांनी वर्ग झाडले, लुगडं बदललं आणि झाडलेल्याच एका वर्गात जाऊन बसल्या. पर्यवेक्षक मी.

तासाभरानं मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, पाणी."

मी मान वर करेपर्यंत रंभाबाई पेन खाली ठेवून दारापर्यंत पोचल्याही होत्या. माठ व्हरांड्यात होता. समोर केंद्रप्रमुख यज्ञेश्वर सर उभे. ते परक्या शाळेतले, इथं पाणी रोज रंभाबाईच देतात हे त्यांना काय ठाऊक?

"उंबरठा ओलांडलात तर पेपर काढून घेईन," ते म्हणाले.

रंभाबाई जागीच थिजल्या.

"रंभाबाई, बसा. पाणी मी देते," मी म्हणाले.

त्या खाली मान घालून परत आल्या. सर दारात थांबले. मी माठातून पाणी घेऊन त्या मुलीला दिलं, मग साऱ्या वर्गाला, शेवटी रंभाबाईंना. त्यांनी सवयीनं ओंजळ पुढे केली. मी पेला त्यांच्या हातात दिला.

गणितात त्यांना छत्तीस गुण मिळाले. जूनमध्ये वाचनालयाच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आल्या. प्रमाणपत्रावरही बहिःस्थच लिहिलं होतं. मी चडफडले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "त्या दिशी वर्गात मला बी कुनीतरी पानी दिलं. तेवडं माज्या ध्यानात हाय."