चिंतूची शीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतानाही रागच येतोय — आणि तेव्हाही रागच आला होता.

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. शेणव्याजवळ माझी गवताची वखार होती, स्वतःच्या हिमतीवर उभी केलेली. त्या हंगामात डोळखांबकडची माझी माणसं मुरबाडच्या एका व्यापाऱ्यानं फोडली. वर्षानुवर्षं सांभाळलेली माणसं! राहिला एकटा चिंतू. गवताचे गठ्ठे आवळायच्या प्रेसवर त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. आणि त्याच प्रेसची तार तुटून त्याच्या कोपरात घुसली.

शहापूरच्या डॉक्टरनं टाके घातले आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, मज्जातंतू तुटलाय, मुंबईला नेऊन जोडून घ्या, लवकर. मी घासाघीस करायला लागलो — हो, तिथंही! हंगाम संपेपर्यंत थांबलं तर? आपोआप नाही का जुळणार? तो चिडला, पण त्यानं समजावलं. तो तंतू ज्या पेशीतून निघतो ती पाठीच्या कण्यात असते. तुटल्याची खबर तिथवर पोचते. मग ती पेशी स्नायूला हुकूम पाठवायचं सामान बनवणं कमी करते, दुरुस्तीची प्रथिनं बनवायला घेते, तुटल्या टोकातून नवा कोंब काढते. "पण पुढचं टोक जोडलेलं नसेल, तर कोंब तिथंच गुंता होऊन बसतो. आणि बोटांचे स्नायू जन्मभर वाट बघत नाहीत, वाळून जातात."

मला सगळं कळलं होतं. हे लक्षात ठेवा.

बाहेर चिंतूची बायको मंजी उभी होती. "शेट, काय बोलला डाक्टर?"

"शीर तुटलीय गो. रक्त थांबलं ना? शीर आपसूक वाढते."

आपल्याकडे रक्ताची ती शीर, आणि बोट हलवते तीही शीरच. या एका शब्दावर मी तिला फसवलं. खोटं कुठं होतं? — असं स्वतःला किती वेळा विचारलं! आठवड्याभरात चिंतू गळ्यात हात बांधून प्रेसपाशी उभा, नव्या माणसांना शिकवत. तो मुंबईला गेला असता तर वखार बंद पडली असती, आणि तो मुरबाडवाला मला हसला असता. एवढंच.

दोन बोटं आखडली ती आखडलीच. पंजाचं मांस वाळलं.

दहा वर्षांनी मुरबाडच्या बाजारात चिंतू भेटला. कुणीतरी हाताचं विचारलं. "शेटनी सांगितलेलं, वाढंल म्हून," तो म्हणाला. "माजीच शीर आळशी, तिला कोण काय करनार?"

सगळे हसले. मीही हसलो.