नळीचं दुसरं टोक

टाचणीबाईंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, पण ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. पस्तीस वर्षं बाईंनी लोकांचे कपडे बेतले, शिवले, उसवले आणि पुन्हा शिवले. त्यातला निम्मा काळ तरी त्यांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या. त्यामुळे बोलणं कमी, आणि जे बोलायच्या ते टोचणारं. गिऱ्हाईक म्हणालं, जरा सैल ठेवा, की बाई म्हणायच्या, सैल ठेवते, पण जेवणाचं तुम्ही बघा. तरी गिऱ्हाईक तुटलं नाही, कारण बाईंनी एकदा माप घेतलं की त्यात दोऱ्याइतकाही फरक पडत नसे.

अशा या बाई अठ्ठावन्नाव्या वर्षी दुकानाला कुलूप लावून, डोंगराच्या उतारावरच्या एका शेतावर सहा आठवडे पर्माकल्चर शिकायला गेल्या. तिथे विजेची तार पोचली नव्हती, आणि ती पोचावी असं तिथल्या कोणाला वाटतही नव्हतं. शेजारणीने विचारलं, हे काय नवीन खूळ? बाई म्हणाल्या, रान जसं आपलं आपण भागवतं, तशी शेती करायची आणि माणसानेही तसंच राहायचं. एवढं सांगून त्यांनी दार लावून घेतलं. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या नवऱ्याने लावलेल्या एकतीस झाडांपैकी चौदा उरली होती, आणि ती चौदा त्यांना जगवायची होती.

नवऱ्याला सगळे कटरमास्तर म्हणत. छापखान्यात कागद कापण्याच्या मशीनवर त्यांचा जन्म गेला. एकदा पर्माकल्चरवरची एक पुस्तिका छापायला आली, तिची शाई फुटलेली एक प्रत मास्तरांनी घरी आणली आणि तिथेच घात झाला. निवृत्तीला काही वर्षं उरलेली असताना माणूस त्या पुस्तिकेत बुडाला. मग गावाबाहेर उताराचा एक तुकडा घेतला. त्यावर गवतसुद्धा रडतखडत उगवत होतं. दर रविवारी फावडं खांद्यावर टाकून स्वारी तिकडे निघायची आणि दगडधोंडे उपसून संध्याकाळी मातीने माखून परत यायची. उतारावर आडवे चर खणायचे, म्हणजे पावसाचं पाणी पळून न जाता तिथेच मुरतं आणि चराखालच्या वरंब्यावर लावलेली झाडं ते पितात, असं ते जेवताना समजावून सांगत. बाई म्हणत, पाणी मुरेल तेव्हा मुरेल, आधी तुम्ही आंघोळ करा.

दोघांना मूलबाळ नव्हतं. संसार तसा सुखाचा होता, भांडणंही रोजचीच आणि किरकोळ. नऊ चर खणून झाले, झाडं लावली, आणि त्यानंतरच्या दुसऱ्याच पावसाळ्यात एका सोमवारी सकाळी दाढी करता करता मास्तर न्हाणीघरात खाली बसले ते उठलेच नाहीत.

शेतावर शिकवणारा माणूस जहाजाच्या इंजिनखोलीत बावीस वर्षं काढून आलेला होता. जहाजावर चीफ म्हणत, तेच नाव इथेही चिकटलं. चहूबाजूंनी समुद्र आणि प्यायला मोजकं पाणी, अशा ठिकाणी राहिल्यामुळे त्यांचा हात पाण्याच्या बाबतीत भलताच आखडता होता. टाकीत किती पाणी आहे ते रोज सकाळी काठी बुडवून बघायचं. आंघोळीला एक बादली. भांड्याचं पाणी केळीच्या आळ्यात. सौर पॅनेलवर भरलेली बॅटरी संध्याकाळी सगळ्यांत वाटून घ्यायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला एक दिवा. संडास कोरडा, त्यात पाण्याऐवजी लाकडाचा भुसा टाकायचा. बाईंबरोबर शिकायला भारीतले बूट घालून आलेली तरुण मंडळी पहिले दोन दिवस त्या संडासाकडे नुसती लांबून बघत होती. बाई पहिल्याच सकाळी आत गेल्या, बाहेर आल्या आणि म्हणाल्या, आमच्या चाळीतल्यापेक्षा बरा आहे.

चीफच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. स्वयंपाकघर आणि बियांचे डबे त्यांच्या ताब्यात होते. माळ्यावर पडलेलं पायाचं शिवणयंत्र त्यांनी बाईंना दाखवलं. बाईंनी त्याला तेल घातलं, पट्टा बदलला, आणि आठवड्याभरात शेतावरच्या एकूण एक फाटक्या विजारी धड झाल्या. चीफ म्हणाले, आम्ही एवढी खटपट करून वीज सोडली, तुम्ही तर ती कधी धरलीच नव्हती. बाईंना बऱ्याच महिन्यांनी हसू आलं. झाडांच्या बुंध्याशी पालापाचोळा कसा अंथरायचा, खत कसं कुजवायचं, कोणत्या झाडाच्या सावलीत कोणतं झाड लावायचं, हे त्या भराभर शिकल्या. माती उघडी ठेवायची नाही हे त्यांना न सांगताच पटलं.

तिसऱ्या आठवड्यात चर आखायचा धडा आला. चीफनी एक लांब पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, आणि एक टोक बाईंच्या हातात दिलं. दुसरं टोक घेऊन ते वीस पावलं पलीकडे जाऊन उभे राहिले. दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीवर राहतं, त्यामुळे उतारावरच्या कोणत्या दोन जागा सारख्या उंचीवर आहेत ते कळतं आणि चर सपाट होतो. गवंडी वापरतात तीच नळी. चीफ पलीकडून सांगत होते, अजून वर, थोडं खाली, थांबा. बाई थांबल्या. मग हातातलं टोक नकळत खाली आलं आणि नळीतलं पाणी सांडायला लागलं. चीफना वाटलं, दमल्या असतील.

बाईंच्या घरी अगदी अशीच नळी होती. वेटोळं करून गॅलरीतल्या खिळ्याला टांगलेली. दोन वर्षं दर रविवारी मास्तर विचारायचे, "येतेस का गं, एक टोक धरायला? दोन तासांचं काम आहे." आणि दोन वर्षं दर रविवारी बाई ओठांत टाचण्या धरून मान हलवायच्या. रविवारी गिऱ्हाईक जास्त, हे खरंच होतं. एकदा टाचण्या काढून त्या म्हणाल्या होत्या, डोंगर तुम्ही मोजा, मला माणसं मोजू द्या. मास्तर हसले होते. शेवटी पावसाळा तोंडावर आला तेव्हा नळी तशीच टांगलेली राहिली आणि त्यांनी नजरेच्या अंदाजाने चर खणले. पुढे बाईंनी त्या नळीचे तुकडे करून मोरीच्या नळाला लावले. तिने नेमकं काय मोजायचं असतं हे त्यांनी मास्तरांना कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

सहावा आठवडा संपल्यावर चीफ आणि वहिनी बाईंबरोबर मास्तरांचा तुकडा बघायला आले. चीफ नळी घेऊन आले होते. पहिल्याच चराशी त्यांनी मापं घेतली, मग पाचव्याशी, मग नवव्याशी. नंतर नळी खाली ठेवून ते सगळे चर एकदा चालून बघून आले. बाईंनी मात्र आपल्या हातातल्या टोकाचं पाणी बघून केव्हाच ओळखलं होतं. वीस पावलांत हातभराचा फरक होता. चरात पाणी मुरत नव्हतं, सखल टोकाकडे धावत होतं आणि तिथून वरंबा फोडून खाली उडी मारत होतं. वरच्या टोकाची झाडं तहानेने गेली होती आणि खालच्या टोकाच्या झाडांची मुळं उघडी पडली होती. शेवटच्या तीन चरांच्या खाली माणूस उभा राहील एवढी घळ पडली होती.

चीफ म्हणाले, "बाई, हे बुजवायला लागतील. सगळे. पाऊस यायच्या आत. नवे चर मापात घेऊ, झाडं उचलून तिकडे नेऊ. नाहीतर या वर्षी माती झाडांसकट खाली जाईल."

"मधे मधे बांध घालून सुधारता नाही येणार?"

"एवढ्या फरकाला नाही."

बाई म्हणाल्या, "त्यांच्या हातचं एवढंच उरलंय. मी बुजवणार नाही."

वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो बाईंनी झटकला. मग लगेच वाईट वाटलं, पण माफी मागायला जीभ वळेना. चीफ नळी गुंडाळू लागले. निघताना एवढंच म्हणाले, की पावसाला महिनाभर आहे, तेवढ्यात निरोप पाठवला तर आम्ही दोघं फावडी घेऊन येऊ.

बाई घरी आल्या आणि चार दिवस सगळ्या जगावर चिडल्या. दुसऱ्याच्या मापावर त्यांनी आयुष्यात कधी कात्री चालवली नव्हती, मग इथे का चालवायची? चीफची नळी जुनी असेल, तिच्यात हवेचा बुडबुडा असेल. आपण स्वतः मोजून बघायचं असं ठरवून त्या कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात नवी नळी घ्यायला गेल्या. दुकानदार मास्तरांना ओळखत होता. खिळे, तार, फावड्याचा दांडा, सगळं त्याच्याकडूनच जायचं. नळी मोजून देता देता त्याने सहज विचारलं की धरायला कोण आहे. बाई म्हणाल्या, कोणी नाही, मी एकटीच.

त्याने नळी बाजूला ठेवली. "मग ही नेऊ नका, ताई. तीन काठ्यांची, इंग्रजी A सारखी चौकट बांधा आणि मधे दोरीने दगड टांगा. दगड बरोबर मधल्या खुणेवर आला की जागा सपाट. एकट्या माणसाचं काम भागतं. मास्तरांनाही मी तेच सांगितलं होतं, फुकटात होतं म्हणून."

"मग?"

"ऐकलं नाही. म्हणाले, नळीच दे. मी एकटा नाही, आम्ही दोघं आहोत."

बाई दुकानातून बाहेर आल्या. नळी घेतली की नाही हे त्यांना नंतर आठवेना. रस्त्यावरून लोक जात-येत होते, आणि त्या भर उन्हात एका बंद शटरच्या पायरीवर बसल्या. मास्तरांना चौकटीची युक्ती ठाऊक होती. तीन काठ्या आणि एक दगड, एका सकाळचं काम. ते त्यांनी केलं नाही, कारण ते केलं असतं तर आपण एकटे आहोत हे मान्य करावं लागलं असतं. त्यापेक्षा त्यांनी दोन वर्षं वाट बघितली. आणि ज्यांनी उभ्या आयुष्यात कागद कधी वाकडा कापला नाही, ते शेवटी अंदाजाने वाकडे चर खणून मोकळे झाले. बाईंना रडू आलं ते अडवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. दोन तासांचं काम होतं, तेही आपण दिलं नाही, असं त्या स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.

त्या आठवड्यातच त्यांनी चीफना निरोप पाठवला.

तिघांनी मिळून अकरा दिवस काम केलं. आधी चौदा झाडं मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट उचलून, ओल्या गोणपाटात बांधून सावलीत ठेवली. एका फणसाचा गोळा सुटला, तेव्हा बाई त्याच्याशी इतक्या हळुवार बोलल्या, की तशा गिऱ्हाईकाशी कधी बोलल्या नव्हत्या. मग नव्या चरांची आखणी. एका टोकाला चीफ, दुसऱ्या टोकाला बाई. चीफ विचारायचे, जुळलं का, आणि बाई पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत उत्तर द्यायच्या नाहीत. वहिनी खुंट्या ठोकत पुढे सरकायच्या. नव्या चरांची रेघ जुन्यांना ठिकठिकाणी ओलांडून गेली. एकही जुना चर वाचला नाही.

जुने चर बुजवताना बाईंनी आठव्या चरापर्यंत चीफना आणि वहिनींना फावडं मारू दिलं. नवव्याशी आल्यावर त्यांनी दोघांना सांगितलं की हा मी करते. ते दोघं खाली झाडांकडे गेले.

हा चर मास्तरांनी सगळ्यात शेवटी खणला होता. इथली माती चिकट होती, त्यामुळे चराच्या भिंतीवर फावड्याचे वार अजून जसेच्या तसे दिसत होते. एकाशेजारी एक, सगळे एका रुंदीचे, एका अंतरावर, कागदाच्या गठ्ठ्याची कड कापावी तसे नेटके. चर वाकडा होता, पण वार एकही वाकडा नव्हता. बाई खाली उतरल्या. गळ्यातली टेप काढून त्यांनी एका वाराला लावली आणि माप बघितलं. ते कुठे लिहून घ्यायचं हे त्यांना कळेना. मग त्या वर आल्या, वरंब्यावरची माती फावड्याने पुढे ओढली, आणि वरच्या टोकापासून चर भरायला सुरुवात केली.