मेजर आणि बाळकुमची दारं

नकार ऐकला की मेजरचा चेहरा खुलायचा. कोणी दार सताड उघडून ‘या, बसा, चहा घेणार ना?’ म्हटलं तर त्या नुसत्या हसायच्या. पण साखळी लावलेल्या फटीतून ‘आमच्याकडे कोणाला काही नाही’ असं आलं, की पदर खोचून म्हणायच्या, “चला, आता काम सुरू झालं.”

मेजर हे नाव आम्ही चौघी मुलींनी त्यांच्या माघारी ठेवलेलं. एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेविका म्हणून आयुष्य काढून त्या निवृत्त झाल्या होत्या. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतल्या साठीच्या पुढच्या माणसांत उदासपणा, सततची धास्ती, विसरण्याचा आजार किती जणांना आहे, हे एका अभ्यासासाठी घरोघर जाऊन मोजायचं होतं. आमच्या गटाच्या त्या प्रमुख. मी नुकतीच मानसशास्त्रात एम.ए. झाले होते, पण शाळा इंग्रजी. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी वय एकोणऐंशी सांगितलं आणि मी एकोणनव्वद लिहिलं. मेजर म्हणाल्या, “अगं, एका फटक्यात दहा वर्षांनी म्हातारं केलंस बिचाऱ्याला!”

कोणत्या घरी जायचं ते संगणकाने आधीच निवडलेलं असे. तिथे दार उघडलं नाही, तर शेजारचं घर घेऊन मोकळं व्हावं असं आम्हाला फार वाटे. मेजर ऐकत नसत. “जे हसत दार उघडतात ते तसेही बरे असतात. त्यांनाच मोजलंत तर अख्खं ठाणं सुखी निघेल. मग घरी जाऊन झोपू या आपण.”

आजी-आजोबांना एकटं गाठणं हे दुसरं दिव्य. प्रश्न आजींना विचारावा आणि उत्तर सुनेने द्यावं. ‘आईंना छान झोप लागते हो!’ अशा वेळी मेजर एकदम उठत. “वहिनी, तुमच्या गच्चीवरून खाडी दिसते म्हणे?” सून पुढे, मुलगा मागे, नातवंडं त्याच्याही मागे, अशी वरात वर जायची. खाडी दिसो न दिसो, खाली आजी आणि आमच्यापैकी एक, दोघीच उरायच्या.

मला लोकांशी बोलायला जमत नाही, हे मी त्यांना आधीच सांगून टाकलं होतं. त्यावर त्या म्हणाल्या, “बोलायचंय कोणाला? प्रश्न विचार आणि गप्प बस. उत्तर यायला वेळ लागतो गं. बडबड्या मुली मध्येच बोलतात आणि ते आत परत जातं.” तोवर माझ्या गप्प बसण्याला कोणी गुण म्हटलं नव्हतं.

खरी लढाई झाली बाळकुमला. टॉवरच्या मध्ये अजून जुनी आळी उरली आहे, तिथे. भाऊ म्हणून ओळखले जाणारे एक जमीनदार गृहस्थ तिथले वडीलधारे. भाऊंनी आम्हाला दारातून परत पाठवलं आणि ते बघून भावकीतल्या सगळ्या घरांनी दारं लावली. अभ्यासाचे मोठे डॉक्टर म्हणाले, “एवढे नकार असतील तर बाळकुम गाळावं लागेल.” बाळकुम गळलं की तिथे व्हायची असलेली मनाच्या आजारांची साप्ताहिक ओपीडीही गेली. मेजरनी आठवडाभराची मुदत मागून घेतली.

आम्ही पुन्हा गेलो. पुन्हा नाही. तिसऱ्या खेपेला भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांनी मनातलं बोलून टाकलं.

“बाई, आयच्या सहीवर जागेचं काम अडलंय. तुमी कागदावर डोक्याचा आजार लिवाल, न् उद्या कोणी कोर्टात नेलं, मंग? सही चालंल का?”

मेजर पायरीवरच बसल्या. “भाऊ, या कागदावर नाव नसतं. तो कोर्टात जात नाही, बिल्डरकडेही जात नाही. आणि मन उदास आहे म्हणून सही बाद होत नसते. तसं असतं तर या ठाण्यात एक तरी व्यवहार झाला असता का?”

भाऊंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी आम्हाला आत घेतलं आणि मेजरना गच्ची दाखवायला स्वतःच निघाले.

भाऊंच्या आई, म्हणजे आमच्या यादीतल्या आजी, खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी पहिला प्रश्न विचारला आणि गप्प बसले. पंखा फिरत राहिला. मग त्या म्हणाल्या, “सकाली उठते, न् परत कवा निजायचं त्याची वाट बघते.” हे वाक्य पुढे त्यांनीच आळीभर सांगितलं, म्हणून लिहिते आहे. बाकीचं लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी मेजर शेजारच्या दारात उभ्या होत्या आणि आतून नेहमीचं ‘नाही’ येत होतं. इतक्यात भाऊंच्या ओट्यावरून आवाज आला, “दार उघर गो! मना इचारलं, मी सांगलं. तुला काय धाड भरली?” आजी बाहेर येऊन बसल्या होत्या. दार उघडलं. त्याच्या पुढचंही उघडलं. मुदत संपायच्या आत आळी पूर्ण झाली, आणि परतताना मेजरनी खोपटच्या नाक्यावर आम्हा चौघींना दोन-दोन प्लेट वडे खायला घातले.

निष्कर्ष मांडण्याच्या बैठकीत एका साहेबांनी विचारलं, “बाळकुमचा आकडा इतरांपेक्षा जास्त कसा? तिथली माणसं जास्त आजारी आहेत का?”

“नाही साहेब,” मेजर म्हणाल्या. “तिथली दारं जास्त उघडली.”

ओपीडी मंजूर झाली. मेजर आता डोंबिवलीत कोपरच्या बाजूला नव्या मुली घेऊन फिरतात. ओपीडीचा पहिला दिवस हा त्यांचा आमच्याबरोबरचा शेवटचा. त्या दिवशी भाऊंच्या गाडीतून आजी उतरल्या, त्यांच्यामागून भावकीतल्या आणखी तीन म्हाताऱ्या. सगळ्यांचं तपासून झालं तरी भाऊ दाराशी घुटमळत होते. शेवटी मेजरजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बाई, माजी बी साठी झाली. मना बी रातची झोप नाय.”

“मग उभे का? आत या,” मेजर म्हणाल्या.

भाऊ आत गेले. दार लागता लागता बाकावरून आजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज दिला, “लाजू नको रं! समदं सांग डाक्टरला, मी सांगलंय!”