तोंडातला 'जी'

डबा झाडांना पाणी घालायचा होता. तळाशी माती. त्यातून मी पाणी प्यायलो आणि वर म्हणालो, "चालते जी."

मी अमरावतीत घरोघरी विजेचे मीटर वाचतो. कंत्राटावर. एप्रिलचं ऊन होतं. एका बंगल्याच्या व्हरांड्यात निवृत्त साहेब बसलेले. बोलायला मोठे गोड. म्हणाले, "या जी, बसा. पाणी घ्या, मंग पाहा मीटर." बाईंनी स्टीलचा गिलास आणून दिला. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. एरवी लोक कुत्रं आवरायचीही तसदी घेत नाहीत.

गिलास हातात होता, ओठाला लागला नव्हता. साहेबांनी गाव विचारलं. दर्यापूरकडचा, म्हटलं. मग आडनाव. तेही सांगितलं. आम्ही बौद्ध, हे आमच्या आडनावावरून लगेच कळतं.

साहेब रागावले नाहीत. हसूसुद्धा तेच. म्हणाले, "गिलास ठेव खाली. तुले नळावरचा डबा चालते ना?"

तुमीचा तू झाला. त्यांचा 'जी' गेला. माझा मात्र तोंडातच होता. मोठ्या माणसाशी बोलताना मागे 'जी' लावायचा, हे बापाने शिकवलेलं. बाप जन्मभर लावत आला. त्या मातीच्या पाण्याचं काही नाही, पोटात गेलं, विसरलो. त्या 'जी'ची लाज अजून वाटते. घरी बायकोलाही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच दार. साहेब मला साफ विसरले होते. "या जी, बसा." बाई गिलास घेऊन दारात. पुन्हा गाव. पुन्हा आडनाव.

मी म्हणालो, "तहान मले लागली साहेब. आडनावाले नाही."

बाई गिलास घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी मीटर वाचला, आकडा टाकला, निघालो. 'जी' निघाला नाही.

संध्याकाळच्या आत कंत्राटदाराचा फोन. तुमचा माणूस उद्धट आहे, अशी तक्रार आलेली. माफी माग, नाहीतर नांदगाव पेठकडचा भाग घे, म्हणाला. तो भाग लांबचा, सावली नाही, पेट्रोल आपलं. "धाडा तिकडंच," म्हटलं.

आता थकतो फार. गुडघे बोलतात. परवा एका कारखान्याच्या फाटकाशी ट्रकवाल्याने हाक मारली, "भाऊ, पाणी हाये का जी?" बाटली दिली. त्याने तोंड लावून अर्धी संपवली. उरलेली मी प्यायलो. "लय ऊन हाये जी," मी म्हणालो. त्याचं आडनाव मला आजही माहीत नाही.

'जी' मी सोडलेला नाही. तो वऱ्हाडाचा आहे, कुणा साहेबाच्या बापाचा नाही. पण आडनाव विचारून पाणी देणाऱ्याला तो माझ्या तोंडून मिळणार नाही. तहानेने मेलो तरी नाही.