दाराला लिंब

बाळ बाहेर आलं होतं, वार आतच होती आणि माणसं दार बडवत होती. वार म्हणजे जिच्यातून बाळ पोटात पोसतं ती. ती आपोआप सुटावी लागते. ओढली तर रक्त जाऊन बाई मरते.

बाई म्हणजे शांता. सरकारी विहिरीवर पाणी भरलं म्हणून दुपारी सिन्नरकडच्या आमच्या गावात गावातल्याच पोरांनी बौद्धवाडा पेटवला होता. तिथली माणसं पळत शेतकरी आळीत आली. बायकांनी घराघरांत घेतली. त्यातली शांता, कळा सुरू झालेली, सरूआजीच्या घरात शिरली. मी ट्रेनिंग घेतलेली दाई, म्हणून मला बोलावलं.

सरूआजीने आधी दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला. तो बांधला की घरात सुवेर, बाळंतपणाचा विटाळ. दहा दिवस परका माणूस उंबरा ओलांडत नाही.

बाहेर त्या पोरांतला सोपान ओरडला, "आजे, तुझ्या घरात सून नाय, लेक नाय. बाळंत कोण झालं?"

"मीच झाले. ये, बारशाचं सांगते!"

मीही आतून ओरडले, "सोपान्या, तुझी नाळ मीच कापली. ब्लेड हातात हाय. ये!"

कोणीतरी हसलं. "पुढचं घर बघा रे," सोपान म्हणाला.

मी बाळ शांताच्या छातीला लावलं. त्याने वार सुटायला मदत होते. बाहेरून आवाज आला, "आरं, हितंबी लिंब! आख्खी आळी आजच बाळंत झाली का काय?"

"मी नाय जात बाबा. सुवेर हाय."

आवाज लांब गेले. वार पुरी आली.

"मावशी, गेले का ते?"

"वार आली. तुला तिच्याशी काम."

हात धुऊन बाहेर आले आणि उभीच राहिले. प्रत्येक दाराला लिंब. वेशीजवळचं लिंबाचं झाड हात पोचेल तिथवर बोडकं. यातल्या कित्येकींनी आदल्या दिवसापर्यंत शांताच्या हातचं पाणी घेतलं नव्हतं. इतकी बाळंतपणं केली, पण असं काही पाहिलं नाही.

सोपानच्या दारालाही लिंब होता. आई त्याला म्हणाली, "सुवेर हाय. गोठ्यात निज." आत शांताची सासू बसली होती.

सकाळी नर्सबाई आल्या. "एवढ्या डिलिव्हऱ्या? मला कळवलं का नाही?"

"एकच हाय, बाई. बाकीच्या दारांआड माणसं हायेत."

नर्सबाईंनी आळीतली दारं पाहिली. म्हणाल्या, "मग दहा दिवस डहाळे काढू नका."

पोलीस आले तरी नाही काढले. वार ओढायची नाही आणि दार उघडायचं नाही, एवढंच मी शिकले.

शांता जगली. मुलगी जगली. सासूही जगली.